पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच

हॅलो?… हां ताई, बोल. अगं, किती वेळ वाजत होता? वॉशिंग मशीन पिळायला लागलं की या घरात दुसरं काही ऐकूच येत नाही… थांब, दार लोटते. हां. बोल आता.

हळू… हळू म्हणजे आवाज नाही गं, वेग कमी कर.

शाळेतून बोलतेयस ना? ऑफिसातून. मग मागे हा गलका कसला?… शिक्षक? सगळे? तुझ्या त्या दोन टेबलांच्या ऑफिसात सगळे शिक्षक मावले कसे?… बरं, काही दाराबाहेर आहेत. पण का?… वेळापत्रक बघून आलेत. मग चांगलंय की, म्हणजे छापून झालं ना? मी म्हटलं नव्हतं तुला, आमचं सॉफ्टवेअर दोन दिवसांत…

चौदाही वर्गांना गणित?

आठही तास?… रोज?… शनिवारीसुद्धा.

नाही, हसत नाहीये. ठसका लागला.

आणि शिकवणार कोण?… गणितवाल्या बाई. सगळीकडे त्याच… आणि खोली?… खोली क्रमांक एक. म्हणजे सहाशे पोरं, एक खोली आणि एकट्या गणितवाल्या बाई… त्या काय म्हणतायत?… रडतायत की हसतायत?… तुलाही कळत नाहीये. बरं, आधी त्यांना खुर्ची दे.

ताई, मला एक सांग. शिक्षकांच्या यादीत तू काय भरलंस? आमच्या पुस्तिकेतलं पान बारा, चौथी पायरी… हो, तिथे चित्र आहे. चित्रात पहिल्या ओळीत 'गणितवाल्या बाई, गणित, खोली क्रमांक एक' असं आहे. ते उदाहरण आहे गं, नमुना… आणि तू काय केलंस?… सव्वीसच्या सव्वीस ओळींत?

तेच लिहिलंस. सव्वीस वेळा.

अगं, पण तुला विचित्र नाही वाटलं?… वाटलं. मग?… काय लिहिलंय?… 'विचित्र वाटलं तरी थांबू नका.' असं कोणी लिहि… हो. मीच लिहिलंय.

आणि पहिल्या पानावर काय आहे?… वाच… 'जसं लिहिलंय तसंच करा. स्वतःचं डोकं चालवू नका.' हो, हो, माहीत आहे गं मला, ती चौकट मीच आखलीय… अगं ऐक ना. ते लोकांसाठी होतं. लोक काही वाचत नाहीत, दिसेल ते बटण दाबतात, आणि मग मला फोन करतात. तुझ्यासारखी कोणी ते वाचेल असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं… तुझ्यासारखी म्हणजे… म्हणजे लिहिलेलं मानणारी. चांगल्या अर्थाने म्हणतेय.

पण सॉफ्टवेअरने तुला अडवलं नाही? एका खोलीत दोन वर्ग कोंबले की वर लाल पट्टी येते, आवाज होतो… आली होती?… किती वेळा?… सहाशे चोवीस. तू मोजल्यास. अर्थात मोजल्यास.

आणि दर वेळी 'पुढे चला' दाबलंस… कारण पान नऊवर 'लाल पट्टी आल्यास घाबरू नका, पुढे चला दाबा' असं लिहिलंय. अगं, ते प्रिंटरच्या एका फालतू पट्टीबद्दल होतं… हो, मग तसं लिहायला हवं होतं. बरोबर आहे. थांब, टिपून घेते… पेन कुठे गेलं… हां. 'कोणती पट्टी ते सांगणे.' लिहिलं.

ते मागे कोण ओरडतंय?… मोठे सर? मुख्याध्यापक स्वतः आलेत?… काय म्हणतायत?… अकराची घंटा व्हायच्या आत फळ्यावर नीट वेळापत्रक लागलं पाहिजे. बरं. नाही लागलं तर?… हं… हे फुकटचं सॉफ्टवेअर बंद, पुन्हा ते विकतचं आणणार… आणि तू?… परत खडूच्या भांडारात? तळमजल्यावर?… असं सगळ्यांच्या देखत म्हणाले?

ताई… ए ताई. नाक पूस आधी. अगं, असं कसं पाठवतील? बावीस वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत खडूची खोकी मोजलीस, आत्ता कुठे वर खिडकीपाशी टेबल मिळालंय… हो, ते माझ्यामुळेच मिळालं आणि माझ्यामुळेच जाणार, कळलं मला, लगेच ऐकवायलाच हवं का?

दहा वीस झालेत. चाळीस मिनिटं आहेत आपल्याकडे. डोकं शांत ठेव. खऱ्या शिक्षकांची यादी तुझ्याकडे आहे ना? वेगळ्या फाइलमध्ये, मागच्या आठवड्यात केली होतीस ती?… आहे. झालं तर मग. आता असं कर, डावीकडे वर…

का?

कसली नोटीस?… वाच… 'यापुढे संगणकावर पुस्तिकेत लिहिले असेल तेवढेच करावे. दूरध्वनीवरून कोणीही काहीही सांगितल्यास ते करू नये.' कधी काढली ही?… आज सकाळी साडेनऊला. आणि खाली तुझी सही आहे. पहिली.

हो गं, मागच्या वर्षी त्या विकतच्या सॉफ्टवेअरवाल्याने फोनवरून 'हे दाबा, ते दाबा' करत अख्ख्या वर्षाची हजेरी उडवली, ते माहीत आहे मला. सरांचंही बरोबर आहे. पण मी काय परकी आहे का? सख्खी बहीण… हं… 'कोणीही'मध्ये बहीणही येते. येते बाई, येते.

सर आत्ता कुठे आहेत?… दारात. हाताची घडी घालून. म्हणजे ते बघत उभे राहणार. ठीक आहे. मग पुस्तिकेतूनच करू. त्यात काय एवढं, आठ महिने घासून लिहिलीय मी ती. शेवटी बघ, 'पुन्हा पहिल्यापासून' असं एक पान… अनुक्रमणिकेत आहे. पान सतरा. हां, उघड.

कोरं आहे?… नाही नाही, कोरं कसं असेल… 'हे पान उपलब्ध नाही'…

ताई, एक मिनिट शांत बस. मला आठवू दे.

अगं बाई.

नाही, काही नाही… सांगते, सांगते. ते पान मी काढलं… अगं, चारशे बारा पानं होती त्या जुन्या पुस्तिकेत! एकेक गोष्ट पाच पाच ठिकाणी लिहिलेली, आणि पाचही ठिकाणी वेगळी. मी ती अडतीसवर आणली. आणताना बघितलं, कोणतं पान किती जणांनी उघडलं ते. हे वर्षभरात तीनदा उघडलेलं, त्यातलं दोनदा मीच. म्हटलं, कोणाला लागतंय… हो. तुला लागलं. आज लागलं. कळतंय मला.

आधी ऐक तरी. चुकीची यादी भरून एकदा वेळापत्रक मांडलं की त्या यादीला कुलूप बसतं. ते काढायची रीत त्या पानावर होती… मला पाठ? सगळी नाही गं. आणि पाठ असली तरी तू फोनवरून ऐकणार आहेस का?… तेच म्हणतेय मी.

थांब, मूळपुरुषाला विचारते… अगं, ज्याने हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा लिहिलं तो. आम्ही सगळे त्याला मूळपुरुषच म्हणतो… नाही, पगार वगैरे कोणालाच नाही. ओपन सोर्स म्हणजे तेच, कोणीही घ्या, कोणीही बदला, कोणीही भर घाला. फक्त डॉक्युमेंटेशन, म्हणजे पुस्तिका लिहायची म्हटलं की सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवतात, म्हणून ते माझ्या गळ्यात… हां, टाकला प्रश्न.

आलं. उत्तर आलंसुद्धा, बघ, उगाच नावं ठेवतात लोक त्याला. वाचते. 'आपल्या प्रश्नाबद्दल आभार. कृपया आधी पुस्तिका वाचा.'

नाही, हे तो नाही म्हणत. हे आपोआप जातं. कोणीही काही विचारलं की पहिलं हेच उत्तर… ते कोणी बसवलं म्हणजे? ताई, तू प्रत्येक वेळी विचारलंच पाहिजेस असं नाहीये.

बरं, ऐक. आमच्यात एक बरं आहे, काढलेलं काहीच खरं तर फेकलं जात नाही. सगळं मागे जपून ठेवलेलं असतं… हो, तुझ्या कपाटासारखं. थांब, शोधते… हे नाही… हे पण नाही… सापडलं. जुनं पान सापडलं. हं, ऐक. 'प्रयोक्त्याने योग्य ती धारिका योग्य त्या स्थानी ठेवून नेहमीची प्रक्रिया करावी.'

पुढे काही नाही. संपलं पान.

नाही, मी नाही लिहिलेलं. हे तरी मी नाही लिहिलेलं… मूळपुरुषाने. त्याची नेहमीची प्रक्रिया काय असते ते त्याच्या बायकोलाही माहीत नसेल.

दहा सव्वीस. ताई, एकच उपाय आहे. ते पान मी आत्ता नव्याने लिहिते. सॉफ्टवेअर माझ्यासमोर उघडं आहे, इथे एकेक करून बघते आणि तसंच्या तसं लिहिते. ते पुस्तिकेत लागलं की मग ते पुस्तिकेतलंच झालं ना? नोटिशीत कुठे म्हटलंय, पुस्तिका कधी लिहिलेली असावी?… विचार. सरांना विचार.

काय म्हणाले?… मान हलवली. कोणत्या बाजूने?… वरखाली. बस्स. मिळाली परवानगी.

फक्त एक अडचण आहे… हसू नकोस हं. आमच्याकडे नियम आहे, दुसऱ्या कोणीतरी वाचून 'मंजूर' केल्याशिवाय नवं पान पुस्तिकेत लागत नाही. एकट्याच्या मनाने काही घुसडू नये म्हणून… हो. मीच केलाय तो नियम. गेल्या वर्षी टाळ्या पडल्या होत्या त्याला.

दुसरं कोण आत्ता? मूळपुरुष पत्ता लागू देणार नाही. बाकीचे आपापल्या नोकरीवर. मी काय रिकामी बसलेय का, समोर खोकल्याच्या औषधाच्या डबीतला कागद पडलाय तपासायचा, दुपारी प्रेसला द्यायचाय… म्हणून म्हणते, तू कर. तू मंजूर कर.

तू म्हणजे तूच. कोणीही करू शकतं म्हटलं ना. लॉगिन काढायचं फक्त… नाव काहीही चालतं, खरं नको. 'भांडार'? अगं, दुसरं काहीतरी… बरं, भांडार तर भांडार. आता पासवर्ड… मला सांगू नकोस. ताई, मला सांगू नकोस म्हटलं ना, सगळे शिक्षक ऐकतायत तिथे. बदल आता तो… आणि हा नवाही मोठ्याने म्हणू नकोस.

आलीस आत? वर 'भांडार' दिसतंय? छान. आता गप्प बस, मला टाइप करू दे…

…काय गं? बोलतेयस की तिकडे कोणाशी?… गणितवाल्या बाई काय विचारतायत?… नाही, एकशे बारा तासांचा वेगळा पगार नाही मिळत. सांग त्यांना, पाणी प्या.

हं. झालं. पाठवलं तुझ्याकडे. रिफ्रेश कर. खाली दोन बटणं दिसतील, 'मंजूर' आणि 'परत'. वाच आणि मंजूर दाब. चटकन. दहा पस्तीस झालेत.

वाचलंस?… दाबलंस?… हॅलो?

परत?

का परत?… 'पुनर्विचारार्थ परत. पहिला परिच्छेद पाल्हाळ.' ताई, तू मला शेरा मारलास?… अगं, ते धीर द्यायला लिहिलंय, 'चुका सगळ्यांकडूनच होतात, मन खट्टू करू नका' वगैरे. प्रेमाने लिहिलंय मी ते… हो, तू चुकलीयस हे तुला माहीत आहे… हो, घाईत असणाऱ्याला धीर नको, बटण हवं. बरं. काढते. आणि?… सगळं एकदम सांग ना.

'यादीवर क्लिक करा.' मग? काय चुकलं त्यात?… कोणत्या यादीवर म्हणजे? डावीकडे एकच… दोन आहेत?

थांब, बघते… अगं हो की, खरंच दोन आहेत. वरची आणि खालची. दोघींची नावंही नुसतीच 'यादी'. खालची कसली मग… बघू, माझ्याकडच्या नमुन्यात दाबून बघते…

ताई.

तू खालची दाबली नाहीस ना? हात लावू नकोस तिला… खालची विद्यार्थ्यांची आहे. ती रिकामी केली असतीस तर सहाशे पोरांची नावं गेली असती. सगळी. मी घाईघाईत नुसतं 'यादीवर' लिहून मोकळी झाले होते. तीन वर्षांत कोणी विचारलं नाही गं हे. चारशे बारा पानं वाचणाऱ्या एकानेही नाही, आणि मला स्वतःलाही दिसलं नाही… नाही, रडत नाहीये. घाम फुटलाय. खरंच फुटलाय, हात ओला झालाय माझा.

बरं. 'वरच्या यादीवर क्लिक करा. तिच्या शेजारी माणसाचं चित्र आहे. खालच्या यादीला हात लावू नका, ती विद्यार्थ्यांची आहे.' चालेल?… 'चालेल' नको, 'योग्य' म्हण, ऑफिसात आहेस. हसतेयस काय?… हास. बरं वाटलं ऐकून.

पाठवलं. दहा एक्केचाळीस. वाच.

पुन्हा परत… बोला, साहेब. काय शेरा?… 'थोडा वेळ थांबा म्हणजे किती?' अगं, थोडा म्हणजे थोडा, कॉम्प्युटर जसा असेल तसा… हो, तुझा थोडा आणि माझा थोडा वेगळा असतो. लहानपणी माझी वेणी घालायला 'थोडा वेळ थांब' म्हणायचीस आणि शाळेची वेळ व्हायची. मग काय लिहू?… 'कोपऱ्यात हिरवी खूण येईपर्यंत थांबा.' हे बरंय. हे माझ्यापेक्षा बरंय, ताई.

अजून?… 'फाइल आणा' म्हणजे कुठून?… बरं… बरं… आणि शेवटी 'झालं' असं लिहायचं? कशाला?… झालं की नाही ते कळायला नको का. हो. कळायला हवं.

तुला माहितेय, दिवसभर मी हेच करते. औषधाच्या डब्यांतले घडी घातलेले कागद. 'जेवणानंतर घ्या', 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.' डबी उघडल्याबरोबर लोक तो कागद फेकतात. मग वाटलं, एक तरी गोष्ट अशी लिहावी, की कोणीतरी ती वाचेल आणि त्याचं काम होईल, आणि मला फोन करावा लागणार नाही. त्यासाठी आठ महिने घातले मी. आणि तू वाचलीस. पहिल्या पानापासून अक्षरन् अक्षर वाचलीस गं, म्हणूनच तर हा घोळ झाला… नाही, चिडत नाहीये. उलट आनंद होतोय मला. वेडीच आहे मी.

हो, हो, पाल्हाळ. कळलं. पाठवलं बघ.

दहा सत्तेचाळीस, ताई. आता तरी?… काही शेरा नाही?… एकही नाही. मग दाब ना 'मंजूर'.

दाबलंस?… काय झालं?… अगं, थांबलीस कशाला? साधं बटण आहे… हं… बावीस वर्षांत एकदाही?… सगळं 'सादर', नाहीतर 'मान्यतेसाठी पुढे'. खरंच की. कोणाच्या ना कोणाच्या सहीसाठी कागद पुढे करत आलीस तू… सर बघतायत? बघू देत. हे त्यांचं नाही, हे तुझं आहे. दाब, ताई.

लागलं. लागलं बघ, इकडे दिसलं मला. पान सतरा. खाली आलंय, 'मंजुरी: भांडार'.

आता मी एक शब्द बोलणार नाही. नोटीस आहे. तू वाच आणि कर.

…हं.

…नाही, मी सांगणार नाही. पानात बघ… दिसलं ना?

…हं… आली हिरवी खूण?… हे सांगितलं नाही, विचारलं. विचारलेलं चालतं.

दहा बावन्न.

नाही, घाई नाही करत, नुसती वेळ सांगतेय… आली यादी? सव्वीस नावं? सगळी वेगवेगळी?… चित्रकलेचे सर आहेत त्यात?… आणि गणितवाल्या बाई एकदाच. त्यांना दाखव, त्यांना दाखव आधी… टाळ्या कोण वाजवतंय?… त्याच. बरं.

आता मांडणीला लागेल ते. तीन मिनिटं… बोल काहीतरी, नाहीतर माझाच जीव जाईल. लाल पट्टी आली का?… एकही नाही. बघ, सुतासारखं सरळ चाललंय.

झालं? दहा छप्पन्न. काढ प्रिंट.

कागद संपला?… घाल मग… अगं, पुस्तिकेत नाही लिहिलं म्हणून काय झालं, कागद घालायला पुस्तिका लागते का? ताई, मी हात जोडते, एवढं एक डोकं चालवून… काय?… सरांनी घातला. स्वतः. बरं झालं बाई.

येतोय?… चौदाही पानं?… पळ मग. फोन राहू दे टेबलावर, मी आहे. पळ.

…

…ही घंटा वाजली. मला इथपर्यंत आली ऐकू.

…ताई?… कोण?… हां, गणितवाल्या बाई का? नमस्कार, मी तिची धाकटी बहीण… हो, ती पुस्तिकावाली… नाही हो, मुद्दाम नव्हतं घातलं तुमचं नाव, नमुना म्हणून… हो, पुढच्या वेळी भूगोल घालते… तुमचा पहिला तास मोकळा आहे? अरे वा. बसा तिथेच, उठू नका… आली का ती? द्या ना.

ताई, काय झालं?… लागलं वेळेत? आणि पोरं?… सगळी? जो तो आपापल्या वर्गात?… चित्रकला चित्रकलेच्या खोलीत, आणि खोली क्रमांक एकमध्ये फक्त पाचवीचा एकच वर्ग. हुश्श. अगं, जीव भांड्यात पडला माझा… सरांनी काय केलं?… फळ्यावरचा एकेक तास बोट ठेवून तपासला… आणि टेबल?… 'खिडकीचं टेबल पुसून घ्या, उद्यापासून सगळी कागदपत्रं तिथेच येतील.' म्हणजे राहिलं की गं टेबल. राहिलं.

मला तुझा इतका अभिमान वाटतोय, ताई, खरंच. शुक्रवारी मतदान आहे आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं, जुनी पुस्तिका ठेवायची की माझी. मी तर म्हणणार, माझी घ्या न घ्या, पान सतरा तेवढं घ्या… हो, आणि बाकीची सदतीस तुझ्याकडे पाठवणार. शेरे मार. हवे तेवढे मार.

कोण बोलायचं म्हणतंय?… सर? माझ्याशी? अगं, मी घरच्या कपड्यांत… हो, फोनवर दिसत नाही. दे.

नमस्कार सर… हो, मीच लिहिलंय… नाही नाही, श्रेय ताईचंच. तिने दोनदा परत पाठवलं म्हणून… धन्यवाद. आभारी आहे… हो, आम्ही मुद्दाम साधं लिहायचा प्रयत्न करतो, कोणालाही जमावं असं… अच्छा? आपणही करून पाहिलंत? वा, बरं वाटलं. आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर का?…

केबिनमधल्या.

म्हणजे… शाळेच्याच वेळापत्रकावर?… आत्ता?

कुठपर्यंत आलात, सर?… 'वरच्या यादीवर क्लिक करा', केलंत… 'रिकामी करा', तेही केलंत… हिरवी खूण येईपर्यंत थांबलात. हो, ते चांगलं केलंत… आणि मग फोन करायला इकडे आलात. अभिनंदन करायला.

नाही, नाही, आपलं काही चुकलेलं नाही, सर. अगदी लिहिलंय तसंच केलंत. फळ्यावर कागद आहे ना, मग आज काही अडत नाही, फक्त कॉम्प्युटरमधली शिक्षकांची यादी आणि तिच्यावरचं वेळापत्रक, सगळं… रिकामं झालंय… नाही, मी फोनवरून कशी सांगणार? आपलीच नोटीस आहे… हो. ताईला द्या. लगेच द्या.

ताई, घाबरू नकोस. ऐक, मी आहे फोनवर, आपण दोघी मिळून पहिल्यापासून… काय?

नको?… नको कसं, सगळं पुसलंय त्यांनी… हो, तुला कळलंय… चौथ्या पायरीपासून पुढे करायचं फक्त… हो, ते बरोबर आहे, पण… सर खुर्चीत बसलेत आणि तू त्यांना पान वाचून दाखवणार. तू. सरांना… बरं, बरं. पण अडलीस तर?… अडणार नाहीस. कशावरून?

'मीच मंजूर केलंय.'

हो गं, ते खरंय. पण मी बोलणार नाही मध्ये, नुसती ऐकत बसते ना, एक शब्दही… ताई?… अगं, फोन चालू राहू दे… ताई?

हॅलो?